पोरीची वही घेऊन अमरावतीला



कपाशीवरील फुलकिडे आणि तुडतुडे यांच्याबद्दल या खेपेला लिहीन, असे मागच्या अंकात कबूल केले होते. ते लिहिणारच आहे, पण एक आठवडा थांबा. गेल्या पंधरा दिवसांत तीन वेगवेगळ्या गावांत तीन बापांनी मला बाजूला घेतले. मला वाटले खताचे विचारतील, पीक विम्याचे विचारतील. तिघांनीही विचारले ते पोरांबद्दल. बारावी झाली, आता पोरगा असे म्हणतो, पोरगी तसे म्हणते, सायेब तुम्हीच समजावा. समजावायचे म्हणजे काय, तर बापाच्या मनासारखे वळवून द्यायचे. त्या तिघांना मी गेल्या वर्षीची एक हकीकत सांगितली. तीच तुम्हालाही सांगतो.

दर्यापूरकडचे एक गाव, खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही काळी जमीन पाहिली की कोणालाही लोभ सुटेल, पण खाली पाणी खारे. विहीर खोदली तरी ते पिकाला मानवत नाही आणि माणसाच्या तोंडात धरवत नाही. सारी भिस्त वरच्या पावसावर. तिथल्या एका कास्तकाराचे सहा एकर. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी, थोडा मूग, जमिनीत ओल राहिली तर हरभरा. घरात नवराबायको, म्हातारी आई, बारावीतली मुलगी आणि शाळेत जाणारा धाकटा.

हे भाऊ माझ्या प्रत्येक सभेला येत. देवळाच्या खांबाला टेकून बसत आणि सभा संपली की पहिला प्रश्न त्यांचाच. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले ते कोणाला सांगायला नको. बोंड फोडावे तर आत किडकी सरकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसे गेली. तेव्हापासून मी गावोगाव सांगत हिंडतो की पंपाच्या आधी डोळे वापरा. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. ओळीने तीन रात्री एकेका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करा. फुलांत डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा. डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका. या गावात तर तीन वर्षे हेच बोललो. लोक माना हलवीत. वावरात जाऊन पाहावे तर डोमकळी जिथल्या तिथे.

दोन वर्षांपूर्वी पोळा होऊन आठेक दिवस झाले असतील. सापळे पाहायला गेलो तर हे भाऊ धुऱ्यावर उभे, आणि दुपट्ट्यात बांधलेल्या ओंजळभर डोमकळ्या. मी चकित झालो.

"आज कसे काय वेचायला लागलात? मी तर तीन वर्षे सांगतो आहे."

"तुमी सांगत होते सायेब," ते म्हणाले, "पन फूल बंद काहून होते हे मले समजलंच नोतं. पोट्टीनं दाखवलं."

घरी गेलो. पोरीने लाजत लाजत फिजिक्सची वही पुढे केली. पुढून गणिते, मागून चित्रकथा. पहिल्या चौकटीत संध्याकाळ, वावर, आणि पदर सावरत आलेली एक पतंगीण. मग अंडे, मग इवलीशी अळी. ती अळी कळीत शिरते, पाकळ्या आतून ओढून धाग्याने शिवून टाकते आणि म्हणते, "दार लावलं बाप्पा! आता मारा किती फवारा मारता तो." पुढच्या चौकटीत बाहेर एक माणूस पाठीवर पंप घेऊन फवारतो आहे. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, पाय उघडे. त्याच्या पुढच्या चौकटीत अळी आत मजेत झोपलेली आणि बाहेर तो माणूस खोकत बसलेला.

"थो मीच आहो," भाऊ हळूच म्हणाले.

डोमकळी म्हणजे काय, अळी पाकळ्या शिवते म्हणजे काय, आत बसलेल्या अळीपर्यंत औषध का पोचत नाही, हे मी तक्त्यावर काडी ठेवून किती वेळा सांगितले असेल! माझी बी. एस्सी. (कृषी) अकोल्याच्या विद्यापीठाची, नोकरी तीस वर्षांची. पण माझ्या भाषणात अळी कधी बोलली नव्हती.

इथपर्यंत सगळे कौतुकाचे होते. घोटाळा पुढे झाला. बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण आले. अकोल्याला कृषी पदवीला प्रवेश मिळेल इतके गुण होते. घरात पेढे वाटले. आणि त्याच दिवशी पोरगी म्हणाली, मला तिकडे जायचे नाही. मला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात जायचे आहे आणि चित्रकथा करायच्या आहेत.

घरात दोन दिवस चूल पेटली तेवढीच, कोणी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ पंचायत समितीत माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "चित्रं काढून कोनाचं पोट भरते काय सायेब? सहा एकरात मी मुंबई कुठून आनू? तुमचं आयकते ते. समजावून द्या."

खरे सांगतो, समजावले असते. पदवी, नोकरीची शक्यता, घराजवळचे गाव, वसतिगृह, सारे मुद्दे जिभेवर तयार होते. पण बोलता बोलता मला माझ्याच ट्रंकेतले एक पाकीट आठवले.

माझे लहानपण याच भागात गेले. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी शकुंतला गाडी तेव्हा कोळशावर चाले. माझे मामा कापसाच्या कामाने मूर्तिजापूरला जात आणि येताना स्टेशनवरच्या दुकानातून एखादे चित्रांचे पुस्तक आणीत. कधी महाबली वेताळ, कधी अमर चित्रकथा. चांदोबाही येई, पण त्यात चित्र एक आणि मजकूर पानभर. चौकटीचौकटीने पुढे सरकणारी गोष्ट म्हणजे आम्हाला तंबूतला सिनेमाच, फक्त हवा तेवढा वेळ थांबवून पाहता येणारा. एक पुस्तक आमच्या आळीत वीस घरे फिरे. परत येई तेव्हा त्याला तेलाचा, भाकरीचा आणि गोठ्याचा असे तिन्ही वास असत.

1984 साली, पंधरा वर्षांचा असताना, मी अमर चित्रकथेच्या संपादकांना पत्र लिहिले. आमच्याकडची एक लोककथा चौकटी पाडून लिहिली, चार चित्रे काढली आणि विचारले की असे काम करायचे तर काय शिकावे. पाकीट तयार केले, पत्ता घातला. टपालात टाकायच्या आदल्या दिवशी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने ते पाहिले आणि चार जणांत वाचून दाखवले. फार हसले सगळे. पाकीट ट्रंकेत गेले ते आजतागायत तिथेच आहे. माझे वाईट काही झाले नाही, या नोकरीने मला पोटभर दिले. पण त्या संपादकांनी काय उत्तर दिले असते, हे मला कधीच कळले नाही. मग या पोरीला मी कोणत्या तोंडाने समजावणार? वावरात रोग दिसला तर आपण झाडाची फांदी घेऊन जाणत्याकडे जातो ना? मग हिची वही घेऊन जाणत्याकडे जायचे, असे मी भाऊंना म्हटले.

तसा एक जाणता अमरावतीत होता. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथप्रदर्शनात त्यांची माझी ओळख झाली. मूळचे आपल्याच वऱ्हाडातले. मुंबईच्या प्रकाशकांसाठी त्यांनी बरीच वर्षे चित्रकथा लिहिल्या, दुसऱ्या भाषांतल्या मराठीत आणल्या, आणि म्हातारपणी गावाकडे परत आले. बोलता बोलता कळले की मी लहानपणी अधाशासारख्या वाचलेल्या दोन-तीन गोष्टी त्यांच्या हातच्या होत्या. त्या वयात पुस्तकावर लेखकाचे नाव कोण पाहतो? मी तर त्यांना वाकून नमस्कार केला होता. त्यांचे नाव इथे देत नाही. "नाव छापाल तर दारात रांग लागेल, आणि मला आता मोतीबिंदू आहे," असे त्यांनी निक्षून सांगितले आहे.

जूनचा शेवटचा आठवडा होता. पाऊस रुसलेला, पेरण्या खोळंबलेल्या, म्हणून भाऊंना वेळ होता. दर्यापूरहून एस. टी. त बसलो. पोरगी खिडकीशी, वही छातीशी धरून. बापलेक बोलत नव्हते. वाट तासा-दीड तासाची. शांतता सोसवेना, म्हणून मी भाऊंना अनंत पै यांची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी त्यांची पुस्तके आली असतील, पण माणूस माहीत नसेल.

पै जन्माने कर्नाटकातल्या कार्कळचे, 1929 सालचे. अगदी लहानपणीच आईवडील दोन्ही गेले. पुढे मुंबईत वाढले, शिकले. शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचे. म्हणजे घरच्यांच्या हिशेबाने आयुष्याची सोय झालेली. पण ओढ छपाईकडे आणि मुलांच्या वाचनाकडे. 1954 साली त्यांनी 'मानव' नावाचे मुलांचे मासिक काढले. ते चालले नाही. मग टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन विभागात लागले. तिथूनच 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स निघू लागले, ज्यात आपला वेताळ येई. 1967 साली दिल्लीत दूरदर्शनवर त्यांनी प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पाहिला. मुलांना ग्रीक देवांची नावे येत होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता येईना. त्यातून अमर चित्रकथेची कल्पना निघाली आणि ते टाइम्स सोडून इंडिया बुक हाऊसकडे गेले. पहिली दहा पुस्तके तर परदेशी परीकथांचीच निघाली. अकरावा अंक 'कृष्ण', तो पै यांनी लिहिला आणि राम वाईरकरांनी काढला. तिथून गाडी रुळावर आली.

भाऊंनी एवढ्या वेळात पहिल्यांदा मान वळवली. "म्हंजे पहिलं मासिक बुडालं त्याचं?"

"बुडाले."

"अन् मंग नोकरी धरली."

"धरली. पण त्याच धंद्यातली."

ते पुन्हा गप्प बसले. पण कान इकडे होते. म्हणून पुढचेही सांगितले. पै यांनी 1980 साली 'टिंकल' हे मुलांचे इंग्रजी मासिक सुरू केले. त्यात वाचक मुले आणि मोठी माणसे आपापल्या भागातल्या गोष्टी पाठवीत. तामिळनाडूतल्या पी. वरदराजन नावाच्या वाचकाने तिकडच्या एका भोळसट गड्याच्या लोककथा पाठवल्या. संपादकांनी त्या उचलल्या, राम वाईरकरांनी त्या गड्याला चेहरा दिला, आणि 1983 पासून सुपांडी घरोघर गेला. वाईरकर 2003 साली वारले. त्यांच्यामागे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी बरीच वर्षे सुपांडी काढला.

"पोरीनं?" भाऊंनी विचारले.

"होय. बापाच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेल्या पोरीने."

वरदराजनांची हकीकत सांगताना माझ्या मनात काय आले असेल ते तुम्ही ओळखले असेल. 1983 साली कोणा वाचकाची लोककथा तिथे पोचली होती. माझी 1984 ची ट्रंकेत.

राजापेठकडे त्यांचे घर. गेल्याबरोबर पाणी, मग चहा. त्यांनी वही घेतली, भिंग घेतले आणि वीस मिनिटे एक शब्द बोलले नाहीत. पोरगी जमिनीकडे पाहत बसलेली. मग त्यांनी विचारले, "बेटा, तुला चित्र काढायला आवडते की गोष्ट सांगायला?"

"दोन्ही."

"ते सगळेच म्हणतात. रात्री झोप येत नाही तेव्हा डोक्यात काय चालते? चेहरे दिसतात की बोलणे ऐकू येते?"

पोरीने बराच वेळ घेतला. "बोलणं," ती म्हणाली. "माय न् आजी भांडते ते. मंग मी त्यात भर घालतो."

आपल्याकडे पोरीही 'घालतो' म्हणतात. ते ऐकून म्हातारा खुलला. पण पुढचे बोलणे कडू होते. "तुझे चित्र कच्चे आहे. सगळ्यांचे हात एकसारखे. माणूस बाजूने काढता येतो, समोरून येत नाही. आणि हा बैल पाहा, बसताना मागचे पाय माणसासारखे दुमडतो आहे."

पोरीचे डोळे भरले. आणि इतके दिवस कागद नासवते म्हणून बोलणारे भाऊ ताडकन म्हणाले, "बैल बराबर हाये जी तिचा. आमचा ढवळ्या तसाच बसते. पाय दुखते त्याचा."

क्षणभर कोणी बोलले नाही, मग सगळेच हसलो. म्हाताऱ्याने वहीतला बैल पुन्हा भिंगाखाली धरला. "असे असेल तर चूक माझी," ते म्हणाले. "पण मग पाय दुखतो हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. नाहीतर तो माझ्यासारखीच चूक काढील."

नंतरचा दीड तास त्यांनी तिला जे सांगितले, ते मी माझ्या डायरीत टिपून घेतले. ज्यांच्या घरात अशी वही असेल त्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून सविस्तर देतो.

चित्रकथा लिहिणे आणि काढणे ही दोन कामे आहेत. एकाच माणसाने दोन्ही करावीत असे नाही. 1991 पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागलेला 'चिंटू' प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित या दोघांनी मिळून केला. पै स्वतः लिहिणारे आणि संपादक होते, कुंचला दुसऱ्यांचा. लिहिणारा आधी संहिता करतो. अमर चित्रकथेसारखे पुस्तक असेल तर बत्तीस पाने धरायची. कोणत्या पानावर काय घडते ते आधी ठरवायचे, मग पानाच्या चौकटी पाडायच्या. एकेका चौकटीसाठी तीन गोष्टी लिहायच्या: डोळ्यांना काय दिसते, वरच्या पट्टीत काय लिहायचे, आणि फुग्यात कोण काय बोलते. चित्रात जे दिसतेच ते फुग्यात पुन्हा बोलायचे नाही. तिच्या वहीत एका ठिकाणी आई भाकरी थापते आहे आणि म्हणते आहे, मी भाकरी थापते. त्यांनी तिथे पेन्सिलीने फुली मारली आणि विचारले, "तुझी माय भाकरी थापताना खरे काय बोलते?" पोरगी म्हणाली, "जळन वलं हाये, मनते." "मग ते लिही. भाकरी दिसतेच आहे. ओल्या जळणावरून पाऊसही कळला आणि घरही कळले."

आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून जो आधी बोलतो त्याला चौकटीत डावीकडे उभा करायचा. नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. ही साधी गोष्ट कळायला त्यांना स्वतःला दोन वर्षे लागली, असे ते म्हणाले. मराठी अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. म्हणून इंग्रजीपेक्षा दोन ओळींत अंतर जास्त लागते आणि फुगा मोठा होतो. फुगा मोठा झाला की चित्र मरते. तेव्हा शब्द मोजून वापरायचे. एका फुग्यात दोन वाक्यांच्या वर गेलो तर तिसरे का हवे ते स्वतःला विचारायचे. उजव्या हाताच्या पानाच्या शेवटच्या चौकटीत काहीतरी अर्धे ठेवायचे, म्हणजे पान उलटले जाते. आणि वेताळाची नक्कल करू नकोस, ते म्हणाले. कवटीची गुहा ज्याची त्याने काढली. तुझ्याकडे बोंडअळी आहे.

भाऊ हे सारे ऐकत होते, पण त्यांचा प्रश्न निराळा होता. तो त्यांनी आपल्या पद्धतीने विचारला. "एका पानाले पैसे किती भेटते? अन् एका मानसाकून वर्षात पानं किती निघते?" म्हणजे भाव आणि उतारा. मला हसू आले, पण म्हातारा हसला नाही. त्याने सरळ उत्तर दिले. पैसे पानामागे मिळत, छापून आल्यावर मिळत, आणि कधी कधी मिळतही नसत. नुसत्या त्या कामावर आपले घर कधीच चालले नाही. आपण छापखान्यात मुद्रिते तपासण्याची नोकरी केली, बायको शाळेत शिकवीत होती. आज मासिके कमी झाली आहेत, पण पुस्तके काढणारे आहेत, आणि आरोग्य, शेती, शाळा यांच्यासाठी चित्रांच्या पुस्तिका करून घेणारे लोक आहेत. त्यांना चित्र काढणारे सापडतात. विषय समजून सोपा करून सांगणारा सापडत नाही.

मग कॉलेजचे निघाले. त्यांनी तिच्याकडे पाहून सांगितले, "जे. जे. उत्तम आहे. चित्रकारच व्हायचे असेल तर शिकलेला हात लागतो, आणि त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा देऊनच जावे लागते. नागपूरलाही शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, ते तुला जवळ. पण तू मला लिहिणारी वाटतेस. लिहिणाऱ्याला माल लागतो. अकोल्याला चार वर्षांत तुला माती, बी, कीड, बाजार सगळे आतून पाहायला मिळेल. बाप घाबरतो म्हणून तिकडे जाऊ नकोस. माल गोळा करायला जायचे असेल तर जा. आणि वर्षभरानंतरही हात शिवशिवत असेल तर पुढच्या वर्षी ती परीक्षा दे. एका वर्षाने कोणी म्हातारे होत नाही."

त्यांनी अभ्यास दिला. आठवड्याला एक पान, असे वर्षभर. दर रविवारी ते पान पहिल्यांदा वडिलांना दाखवायचे, तोंडाने काही न सांगता. "ते जिथे अडतील तिथे पेन्सिलीने खूण कर. तिथे त्यांची चूक नाही, तुझी."

मुलीने विचारले, "अन् छापायले कोनाले पाठवू?" त्यांनी दोन-तीन बालमासिकांची नावे सांगितली. त्यात 'किशोर' होते, जे बालभारती 1971 पासून काढते. "पाठव. परत येईल. पुन्हा पाठव."

निघताना मी त्यांना माझ्या ट्रंकेतल्या पाकिटाचे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "टाकायचे होते हो. फार तर नकार आला असता. मला किती आले ते मी मोजले नाहीत."

येताना राजकमल चौकात भाऊंनी एका दुकानाशी थांबून पोरीसाठी कोऱ्या पानांची जाड वही घेतली. किंमत विचारून एकदा खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. एस. टी. त दोघांचे बोलणे सुरू झाले. बोलणे ढवळ्याच्या पायाचे होते.

पोरीने अकोल्याला प्रवेश घेतला. खुशीने घेतला असे मी म्हणणार नाही. पहिले दोन महिने तिचे पत्र नाही, फोनवर हो-नाही एवढेच. चित्रकला परीक्षेचा विचार तिने अजून सोडलेला नाही, आणि पुढे ती काय करील ते मी सांगू शकत नाही. पण पाने चालू आहेत. ती फोनवरून पान पाठवते आणि भाऊ देवळाच्या ओट्यावर चार जणांना दाखवतात. अडले की धाकट्याकडून कळवतात. गुलाबी बोंडअळीचे पान मी तिच्या परवानगीने मोठे करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले आहे. यंदा त्या गावात डोमकळ्या वेचणारी घरे मी मोजली नाहीत, पण माझ्या सभेत यंदा एका म्हातारीने विचारले, "थे दार लावून बसते तेच काय हो किडा?" तीन वर्षांत असा प्रश्न मला आला नव्हता.

ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा शाळेत असतानाच देता येतात. आपल्या पोरीच्या शाळेतून कोणी बसतच नव्हते, म्हणून ती राहिली. या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि मुख्य म्हणजे हाताला वळण लागते. शाळेत चौकशी करा. मास्तर नाही म्हणाले तर का नाही ते विचारा.

जानेवारीत तिने पहिली पूर्ण गोष्ट एका मासिकाला पाठवली. खारपाणपट्ट्यातली विहीर आणि गोडे पाणी शोधायला निघालेली एक बेडकी, अशी काहीशी गोष्ट होती. मार्चमध्ये ती परत आली. सोबत चार ओळींची चिठ्ठी, आणि दोन पानांवर पेन्सिलीच्या खुणा. पोरगी होळीच्या सुटीत घरी आली होती. तिने पाकीट उघडले आणि कोपऱ्यात जाऊन बसली. योगायोगाने मी तिथेच होतो. काय बोलावे ते मला सुचेना. भाऊंनी ती पाने हातात घेतली, खुणांवरून बोट फिरवले.

"वापस आली म्हंजे कोनंतरी पुरी वाचली न बाप्पा," ते म्हणाले. आणि मला विचारले, "सायेब, अमरावतीच्या पोस्टातून टाकली तं लवकर पोचते काय?"

पुढील अंकी: कपाशीवरील फुलकिडे आणि तुडतुडे. या खेपेला नक्की.